सरळ केलेली पट्टी

दर नोव्हेंबरात मी धारूरहून बसनं बीडला जातो आणि बँकेत बसून, मी अजून जिवंत आहे, अशी सही करून येतो. पेन्शनवाल्यांना हा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता घरबसल्या मोबाईलवरही देता येतो, असं मुलगा दर वर्षी सांगतो. मी तरी जातो. स्टँडवर उतरून रिक्षा करतो आणि रिक्षावाल्याला सरळ रस्ता सोडून लांबून न्यायला सांगतो. सरळ रस्त्यावर मोटारींचं एक जुनं गॅरेज आहे. त्याच्यासमोरून जायचं मी बावीस वर्षं टाळलं.

यंदा रिक्षावाला ऐकेना. "काका, तिकडं समदं खोदून ठेवलंय," तो म्हणाला. "तुमाला बँकेत जायचंय का गाव बघायचंय?" आणि सरळ निघाला. गॅरेजच्या समोर उसाची ट्रॉली आडवी लागली होती, तिथं आम्ही अडकलो. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर गॅरेजचे मिस्त्री बसले होते. ऐंशीच्या आसपासचे असतील. मांडीवर कसलातरी सुटा भाग घेऊन फडक्यानं पुसत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओळखलं नाही, आणि परत पुसायला लागले.

या माणसानं मला एकदा एक प्रश्न विचारला होता. मी जे उत्तर दिलं त्यावरून, आपला मुलगा खोटारडा आहे, असं ते समजून गेले. मुलगा खोटं बोलला नव्हता, आणि ते मला पक्कं माहीत होतं. आता झालं तसं लिहून ठेवतो.

मी विमानतळावर नोकरीला होतो. धारूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकलो, परीक्षा दिली आणि कंट्रोलर झालो. येणाऱ्या विमानांना उतरायचा क्रम लावून द्यायचा, दोघांत अंतर ठेवायचं, हे माझं काम. गावात लोकांना वाटायचं मी विमान चालवतो. नाही म्हटलं तर विचारायचे, मग करता काय तिथं? मी सांगायचो, बसस्टँडवर कंट्रोलर असतो ना, तसंच. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं आणि माझं मन थोडं खट्टू व्हायचं.

काम बसून करायचं, पण माणूस पिळून निघायचा. दोन तास माईकवर बसलं की थोडी विश्रांती द्यावी, असा नियम होता. विश्रांतीला उठायचं तर जागेवर बसायला दुसरा माणूस लागतो, आणि तो कधी नसायचाच. खुर्चीची पाठ मोडकी, तिला तारेनं बांधलेली. एसी गारठवून टाकणारा. नवा आलेला कुणी कुडकुडत तक्रार करायला लागला की आमचे वरिष्ठ म्हणायचे, "तो तुझ्यासाठी न्हाई बे, मशीनसाठी हाय." ते लातूरकडचे होते. लघवीला जायचं तरी शेजारच्याला सांगून, एक कान खोलीत ठेवून.

माणसं कमी आणि कागदावर मात्र सगळ्या पाळ्या भरलेल्या, अशी अवस्था होती. कुणी रजा मागितली तर बदली माणूस दाखवावा लागे. तो नसल्यामुळं रजा मिळत नसे. मग आम्ही आपसात तोडगा काढला होता. ज्याला घरी जायचंय त्यानं जावं, रात्रपाळीवाल्यानं पुढची पाळी ओढावी, आणि रजिस्टरात सही गेलेल्याच्या नावाची करावी. वरिष्ठांना माहीत असे. ते रजिस्टर उघडायचे, सह्या मोजायचे आणि मिटायचे. यात आपण एकमेकांना सांभाळून घेतोय असंच आम्हाला वाटायचं. मीही कितीतरी सह्या केल्या आणि करू दिल्या.

वैमानिकांची आणि आमची कधी गाठ पडत नसे. फक्त आवाजाची ओळख. वर्षातून एकदा दोन्हीकडच्या लोकांची बैठक व्हायची आणि एकमेकांवरचा राग चहाबिस्किटांसोबत काढला जायचा. अशाच एका बैठकीत एक तिशीतला वैमानिक उभा राहिला. एका लहान कंपनीचं पंखेवालं छोटं विमान तो चालवायचा. मोठी जेट आली की आम्हा लहानांना कायम घिरट्या घालायला लावता, असं त्याचं म्हणणं होतं. आवाज न चढवता तो म्हणाला, "आम्हाला पहिला नंबर द्या असं मी म्हणत नाही. जो नंबर आहे तो खरा सांगा. तुमच्या शब्दावर आम्ही तेल मोजतो."

मला त्याचा राग आला होता. रात्रभर जागून आलो होतो, आणि हा आमच्यावर पक्षपाताचा आरोप करतोय असं वाटलं. चहाच्या वेळी मी मुद्दाम त्याच्याजवळ गेलो. दोन वाक्यांतच त्याच्या तोंडी 'लई' आलं आणि मी विचारलं, गाव कोणतं? बीड, म्हणाला. अब्बांचं गॅरेज आहे.

"तुमी धारूरचे?" तो हसला. "मग तर साहेब, आमच्या अब्बांनी तुमच्या घाटातून किती जीपा ओढून आणल्यात, मोजदाद न्हाई."

त्या दिवसापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे काय, तर रोज दुपारी त्याचं विमान यायचं, ठरावीक इंग्रजी शब्दांत आमचं बोलणं व्हायचं आणि शेवटी तो हळूच 'रामराम साहेब' म्हणायचा. मीही म्हणायचो. ते नियमात बसत नव्हतं.

आता पट्टीबद्दल सांगतो. त्या काळी प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असे. तिच्यावर विमानाचा नंबर, उंची, वेळ लिहायची आणि ती प्लास्टिकच्या खाचेत बसवून समोरच्या उतरत्या फळीवर लावायची. एकाखाली एक पट्ट्या, तोच उतरायचा क्रम. एखाद्या विमानाचं काही राहिलेलं असलं, त्याला काही शब्द दिलेला असला, तर ती पट्टी आम्ही जराशी बाहेर ओढून तिरकी ठेवायचो. फळीवर नजर गेली की तिरकी पट्टी डोळ्यांत खुपायची. माणूस विसरला तरी पट्टी आठवण करून द्यायची. हे कुठल्या पुस्तकात वाचून नाही, बघून बघून शिकायचं. पाळी बदलताना नवा माणूस आधी तिरक्या पट्ट्यांबद्दलच विचारायचा.

त्या दिवशी आदल्या रात्री नऊला मी खुर्चीवर बसलो होतो. सकाळच्या पाळीचा सहकारी आला नव्हता, त्याच्या आईला दवाखान्यात नेलं होतं. त्याच्या नावानं रजिस्टरात सही झाली आणि मी बसून राहिलो. दुपारचा एक वाजत आला. त्याच सुमारास एका बड्या असामीचं खास विमान आलं. अशा विमानासाठी बाकीच्यांना बाजूला ठेवायचं, असा आदेश होता. गॅरेजवाल्यांच्या मुलाचं विमान उतरायच्या बेतात होतं, त्याला मी परत वर घिरट्या घालायला पाठवलं. मग त्यानं विचारलं, यानंतर मी कितवा? मी सांगितलं, खास विमानानंतर तूच पहिला, माझा शब्द. आणि त्याची पट्टी तिरकी केली.

दहा मिनिटांनी मला सोडवायला माणूस आला. वरिष्ठांसोबत बाहेरचे दोन साहेबही खोली पाहायला आले होते. वरिष्ठांना फळी नीटनेटकी लागायची. उठता उठता माझा हात फळीवरून फिरला आणि मी सगळ्या पट्ट्या सरळ करून टाकल्या. उठताना आपण अंथरुणाची चादर ओढतो, तसं. सोळा तास होत आले होते. आलेल्या माणसाला एकेक पट्टी दाखवून सांगायचं असतं. मी म्हणालो, "सगळं नॉर्मल आहे," आणि निघालो.

नव्या माणसानं सरळ पट्ट्या पाहिल्या, त्याला जवळ दिसलं ते मोठं जेट पुढं घेतलं, मग आणखी एक. आमचा वैमानिक माझ्या शब्दावर थांबून होता. त्यानं विचारलं तेव्हा त्याला तिसरा नंबर सांगितला गेला. तेल संपत आल्याचं त्यानं उशिरा सांगितलं, कारण तो तेल माझ्या शब्दावर मोजत होता. सांगितल्यावर त्याला लगेच उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. त्यामुळं आमच्याकडं त्याची नोंदसुद्धा झाली नाही.

मला ते क्वार्टरवर बूट काढताना आठवलं. एक बूट पायात आणि एक हातात असताना. फोन दाराशेजारीच होता. आता तो उतरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दुसरा बूट काढला. तो खरोखरच उतरला होता.

महिनाभरानं त्याच्या कंपनीनं तेलाचे कागद तपासले. राखीव तेलापेक्षा कमी तेलावर विमान उतरलं होतं. वेळेत का सांगितलं नाही, असं त्याला विचारलं. त्याला मोठ्या विमानावर घ्यायचं चाललं होतं, त्यामुळं चौकशी जरा कसून झाली. त्यानं खरं तेच लिहिलं, की कंट्रोलरनं शब्द दिला होता, आणि तो आवाज अमक्या साहेबांचा होता, मी ओळखतो. आमचं बोलणं ज्या टेपवर रेकॉर्ड व्हायचं ती महिन्यानं पुसून परत वापरली जाई. ती पुसली गेली होती. मग मला पत्र आलं, त्या वेळी तुम्ही ड्युटीवर होता का?

रजिस्टरात माझी ड्युटी सकाळी सातला संपली होती. होतो म्हणावं तर खोट्या सहीचं निघणार. सहकाऱ्याची नोकरी, वरिष्ठांची नोकरी, आणि माझी. वरिष्ठांनी मला बोलावून काही दम दिला नाही. एवढंच म्हणाले, "रजिस्टरात आहे ते लिहा." मी लिहिलं, 'नोंदीप्रमाणे माझी ड्युटी सकाळी सात वाजता संपली.' एका ओळीचं उत्तर. त्या ओळीनं असं ठरलं, की जो माणूस जागेवर नव्हताच त्याचं नाव त्या वैमानिकानं घेतलं. त्याच्या फाईलला 'खोटे निवेदन' असा शेरा लागला आणि मोठ्या विमानाची संधी गेली.

त्यानंतर मी आठवडाभर रजेवर धारूरला आलो होतो. एका सकाळी त्याचे वडील घरी आले. पत्ता विचारत विचारत बसनं आले होते. हातात मोसंब्यांची पिशवी. नखांतलं ग्रीस गेलेलं नव्हतं, तरी कपडे ईदचे असावेत असे. माझ्या बायकोनं चहा केला. तो तसाच ठेवून त्यांनी मला विचारलं.

"साहेब, मला इंग्रजी न्हाई येत, तुमचा कायदा न्हाई समजत. तुमी आपल्या भागातले. एकच सांगा. माझं लेकरू खोटं बोलतंय का?"

बायको दारात उभी होती. मी मिस्त्रींच्या पिशवीकडं बघत म्हणालो, "मिस्त्री, त्या वेळी मी ड्युटीवर नव्हतो. कागदच तसं सांगतो."

मग चहा प्याले, थंड झालेला. जाताना म्हणाले, "तुमाला त्रास दिला." मोसंबी ठेवून गेले. ती मी खाल्ली नाहीत, बायकोनं शेजारी वाटली. नंतर वीस वर्षं ती माझ्याबरोबर राहिली, पण कधी काही विचारलं नाही.

रामराम बंद झाला. काही महिन्यांनी त्याचा आवाजही येईना. तो परदेशी गेला, मालाची विमानं चालवतो, असं कानावर आलं. पुढं आमच्याकडं पट्ट्या जाऊन स्क्रीन आले. माणसं मात्र तेवढीच राहिली. मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल दिली आणि माझ्या निष्कलंक सेवेबद्दल भाषण झालं.

यंदा रिक्षात बसून त्यांना पाहिलं, बँकेत सही केली, घरी आलो. चार दिवस काही सुचेना. पाचव्या दिवशी जे घडलं ते एका पानावर लिहिलं आणि पहिल्या बसनं निघालो. घाट उतरताना दोनदा वाटलं की तेलगावला उतरून परत फिरावं. अंगात परत फिरायचंही त्राण नव्हतं, म्हणून बसून राहिलो.

गॅरेजमध्ये एक जीप उघडी पडलेली होती आणि मिस्त्री एकटेच होते. मी धारूरचा, एवढंच म्हणालो. त्यांनी चष्मा वर केला.

"टावरवाले साहेब," ते म्हणाले. "बसा. म्हातारे झालात."

मी कागद काढून वाचायला लागलो. दोन ओळींनंतर त्यांनी हात वर केला. "वाचू नका. मी तुमाला एक विचारलं हुतं, ते तोंडानं सांगा. माझं लेकरू खोटं बोललं हुतं का?"

"न्हाई, मिस्त्री. मी बोललो होतो."

ते उठले. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मुलाच्या हातची इंग्रजी चिठ्ठी होती, कंपनीला लिहिलेली. त्यात त्यानं आपलं निवेदन चुकीचं होतं असं कबूल करून माफी मागितली होती. हे मला माहीत नव्हतं.

"मी लिहायला लावलं," मिस्त्री म्हणाले. "धारूरहून आलो आन् त्याला म्हणलं, साहेब आपल्याकडले हायेत, ते कावून खोटं बोलतील? म्हणलं, माफी माग न्हाईतर मला अब्बा म्हणू नको. त्यानं एकदाच सांगितलं, अब्बा, आवाज त्यांचाच हुता. मी ऐकून घेतलं न्हाई. त्यानं लिहिलं. नक्कल मागून घेतली मी, खात्रीला."

मग त्यांनी स्वतःच मोबाईल काढला, डोळ्यांजवळ धरून नंबर लावला. मुलगा कुठल्यातरी देशात हॉटेलवर होता. मिस्त्री त्याच्याशी अर्ध्या मराठीत, अर्ध्या त्यांच्या बोलीत बोलले. धारूरचे साहेब आलेत, तू खरं बोलला होतास म्हणतात, मी तुला नाहक माफी मागायला लावली, एवढं त्यांनी सांगितलं. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. मग त्यानं विचारलं, "अब्बा, जेवलात का?" मिस्त्रींनी फोन माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. पट्टी तिरकी केली होती, मीच सरळ केली, रजिस्टरातली सही दुसऱ्याची होती. त्याचा आवाज तोच होता, थोडा जड झालेला.

"किती तास झाले होते साहेब तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"सोळा."

"मधे उठला होतात?"

"दोनदा. पाच-पाच मिनिटं."

"मला वाटायला लागलं होतं की मला ऐकूच चुकीचं आलं," तो म्हणाला. "कित्येक वर्षं प्रत्येक कंट्रोलरला मी तेच तेच दोनदा विचारायचो. सोबतचे हसायचे. तुम्ही तेव्हा सोळा तास एवढं जरी लिहिलं असतं ना, तर तुम्हालाही कुणी काही म्हणालं नसतं कदाचित. मी तरी नसतो म्हणालो. मला वाटलं तुम्हाला लहान विमानांची किंमत नाही. किंवा आमची."

आमची म्हणजे कुणाची, ते मी विचारलं नाही. मला कळलं.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे असं मी म्हणणार नाही, साहेब. अब्बांनी बावीस वर्षं ते कपाटात ठेवलं. पण तास लिहा. तिथं अजून कुणीतरी बसलेला असेल."

फोन ठेवल्यावर मिस्त्रींनी माझा कागद आणि मुलाची माफी, दोन्ही एकावर एक ठेवले. "हे आता कुठं जमा करायचं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ती कंपनी केव्हाच बंद पडली. माझ्या ऑफिसात ती फाईल आता कुणी शोधणार नाही. ते म्हणाले, "मग?" त्यांनी दोन्ही कागद परत कपाटात ठेवले, माफी खाली आणि माझा कागद वर. मग माझी बस किती वाजता आहे ते विचारलं आणि जीपकडं वळले.

घरी येऊन मी माझ्या मुलाच्या टेबलापाशी बसून हे लिहितोय. खाली लिहिलेलं मी सही करून त्या वेळच्या कार्यालयालाही पाठवणार आहे, त्यांनी ठेवलं तर ठेवोत. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास कंट्रोलरच्या खुर्चीवर मी होतो. आदल्या रात्री नऊपासून होतो. रजिस्टरातली सकाळच्या पाळीची सही खोटी आहे आणि ती माझ्या संमतीनं झाली. वैमानिकाला पुढचा नंबर मी दिला होता. त्याची पट्टी मी तिरकी ठेवली होती आणि उठताना मीच सरळ केली. त्यानं लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता.